आजार मानून सभा संपली

शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं टंकलेखन केलेल्या बाई. मान वर करून समोरच्याशी बोलत असायच्या आणि खाली दहा बोटांनी पत्र तयार. मग नवे साहेब आले. त्यांनी जुने संगणक भंगारात काढले, टॅबलेट आणले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, बडवाबडवीचे दिवस गेले. आता नुसतं बोट फिरवायचं. तुम्ही पाकिटं चिकटवा."

कालपर्यंतच्या बाई एका दिवसात मावशी झाल्या. अपमान गिळला, पण पचला नाही. घरी देवापुढे हात जोडले तेव्हा सद्बुद्धी मागायची सोडून त्यांनी संधी मागितली. देवापाशी खोटं कशाला बोलायचं?

दुकानातला सगळ्यात स्वस्त लॅपटॉप त्यांनी घरी आणला. नणंद म्हणाली, "वहिनी, टॅबलेट तरी घ्यायचास. हलका असतो."

"टॅबलेट म्हणजे गोळी. गोळीने ताप उतरतो गं, मजकूर नाही उतरत."

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या वार्षिक सभेत सगळ्या शाखांना टॅबलेट देण्याचा ठराव होता. साहेब स्वतः टॅबलेटवर इतिवृत्त लिहीत होते, एका बोटाने. मागच्या खुर्चीत बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन शब्दन् शब्द टिपत होत्या. चहाच्या वेळी साहेब घाम पुसत जवळ आले. "बाई, तुमचं जरा पाठवा ना मला."

"बाई कोण? मी मावशी. फिरवा बोट."

शेवटी अध्यक्षबाईंनी इतिवृत्त वाचायला सांगितलं. अर्धा शब्द लिहिला की उरलेला टॅबलेट आपल्या मनाने भरत होता, आणि साहेब घाईत तसंच वाचत सुटले, "अध्यक्षबाईंचे आजार मानून सभा संपली."

सभागृह खो खो हसलं.

"कुठले हो आजार माझे?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि शाखांच्या मागण्या कुठे गेल्या?"

बाई उठल्या आणि पाच पानं खणखणीत वाचली. टॅबलेटचा ठराव तिथेच बारगळला. रोजच्या लिहिण्याला साधे, स्वस्त लॅपटॉप घ्यायचं ठरलं, आणि इतिवृत्ताचं काम बाईंकडे आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब हळूच म्हणाले, "बाई, चुकलं माझं. ते आजारांचं वाक्य तेवढं गाळा. कायमच्या दप्तरात जाणार ते."

"सभेत वाचलं गेलं ते गाळू कशी?"

बाईंनी तो शब्द ठळक केला, कागद छापला आणि पुढे सरकवला.

"इथे सही करा, साहेब."