आतल्या बाजूच्या फळ्या

साठीकडे झुकलेला माणूस रांगताना पाहिला की हसू आवरत नाही. आमचे मेस्त्री मात्र गुरांसाठी बांधलेलं प्रत्येक फाटक, प्रत्येक बोळ आधी स्वतः रांगत पार करायचे. गुडघ्यांना गोणपाट बांधलेलं, तोंडात पान. मध्येच थांबून बैलाच्या उंचीवरून इकडेतिकडे पाहायचे आणि उठले की एखादी फळी काढायला लावायचे. "हितं सावली आडवी पडत्या. जनावर थांबतंय," एवढंच सांगायचे. पहिल्या दिवशी मी हसलो आणि ते त्यांनी पाहिलं. आमचं वैर तिथूनच सुरू झालं.

बंगळूरजवळ, येलहंक्याच्या पलीकडे वळूंच्या पैदाशीचं सरकारी फार्म होतं. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. पुण्याहून डिप्लोमा घेऊन मी तिथे ओव्हरसियर म्हणून लागलो, तोही तात्पुरता. मेस्त्री निपाणीकडचे सुतार. एवढ्या लांब मराठी माणूस भेटला म्हणून मी आनंदाने नमस्कार केला. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेणात चालतील न्हवं?" पुढे वर्षभर त्यांनी माझ्याशी कामाखेरीज शब्द काढला नाही. मीही मनातल्या मनात त्यांना अरेतुरेच करायचो.

नकाशा ते बघायचेच नाहीत. पुढे केला की म्हणायचे, "मला कशाला? बैलाला दावा." गुरांना सुया टोचणारा मल्लप्पा यावर खो खो हसायचा. "मेस्त्री अण्णा बरोबर हेळतात, स्वामी," म्हणायचा; 'सांगतात'ला त्याचा हा कानडी शब्द. मेस्त्री उजव्या पायाने लंगडत. कुठल्याशा जुन्या फार्मवर गाईने त्यांना भिंतीशी चेपलं होतं म्हणे. मला तो लंगडेपणाही खोटा वाटायचा. राग आला की माणूस कुठवर जातो पाहा.

त्या वर्षी नवा कोंडवाडा बांधायचा होता. त्यातून एकामागून एक जनावर जाईल असा अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला मान अडकवायचा खोडा. आमच्याकडची गुरं अमृतमहाल जातीची, माणूस दिसला की शिंगं रोखणारी. मी नकाशात फळ्या खांबांच्या बाहेरून मारलेल्या दाखवल्या होत्या, कारण रस्त्यावरून खांब दिसू नयेत. पाहणीला बडे साहेब येणार होते. काम त्यांच्या पसंतीस उतरलं तर मी कायम होणार होतो.

"फळ्या आतनं मारा," मेस्त्री म्हणाले. "जनावर आतनं रेटतंय. आतनं मारली तर फळीला खांब झेलतोय. भायेरनं मारली तर निस्ता खिळा."

मला ते त्याच क्षणी पटलं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण पटलं होतं. तरी सगळ्या सुतारांदेखत मी म्हणालो, "नकाशात आहे तसं करा."

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणून त्यांनी हातोडा माझ्या पायाशी ठेवला आणि निघून गेले. फळ्या इतरांनी मारल्या. मेस्त्रींनी कामात अडथळा आणला अशी लेखी तक्रार मी केली आणि त्यांची बदली के. आर. पुरमच्या गोदामात झाली. पेट्या ठोकायला.

जाण्याआधीच्या रविवारी दुपारी ठोकाठोक ऐकू आली. जाऊन पाहतो तर मेस्त्री एकटेच. खोड्याजवळच्या दहाबारा फुटांतल्या फळ्या काढून ते आतल्या बाजूने मारत होते. "कुणाला विचारून?" मी दरडावलं. त्यांच्या तोंडात खिळे होते. ते काढायचीही त्यांना गरज वाटली नाही. मी हातोड्याकडे पाहिलं आणि परतलो.

पाहणीच्या दिवशी मी मल्लप्पाशेजारी खोड्यापाशी उभा राहिलो. पहिले तीन खोंड नीट आले. चौथा मध्येच बुजला आणि त्याने खांदा रेटला. सदऱ्याची बटणं तुटावीत तशा माझ्या फळ्या एकेक करून उडाल्या. तो आणि त्याच्या मागचा असे दोन खोंड बाहेर उधळले, साहेब लोक जीपमध्ये चढले. तेवढ्यात खोड्याजवळ पोचलेला तिसरा खोंड आमच्या अंगावर वळला. फळी करकरली, खांबावर दाबली गेली आणि टिकली. दोन फळ्यांमधून आलेलं शिंग मल्लप्पाच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबलं.

मी कायम झालो नाही. आठवड्याने के. आर. पुरमला गेलो. मेस्त्री पेटीवर वाकले होते. म्हणालो, "मेस्त्री, चुकलो. तुमच्यामुळे वाचलो."

"तुमच्यासाठी न्हाई मारल्या," मान वर न करता ते म्हणाले. "सुई टोचायला तिथं मल्लप्पा हुबा ऱ्हातोय."

मी पेटीकडे आणखी एक पाऊल टाकलं.

"सरका. उजेड आडलाय."

पुन्हा आमची भेट झाली नाही. त्यांनी मला माफ केलं नाही, आणि ते रास्तच होतं. मला मात्र त्यांचा राग अजून येतो, कारण पुढे जन्मभर कोंडवाडे बांधताना त्यांनी मला रांगायला लावलं. नवे इंजिनिअर हसायचे. मी गुडघ्यांचं गोणपाट सोडायचो, त्यांच्या हातातला नकाशा बाजूला ठेवायचो आणि विचारायचो, "सुई टोचायला इथं कोण उभं राहणार? त्याचं नाव सांगा."