अर्ध्या लिंबाचा हार

माझी मुलगी घरी मार्शमेलो करत होती. कॉर्न सिरप नव्हतं, म्हणून पाकाची पुन्हा साखर होऊ नये यासाठी तिने त्यात अर्धं लिंबू पिळलं. तो आंबटगोड वास आला आणि मी सोनगीरच्या घरात पोचले, नऊ वर्षांची.

ताईच्या बाळाची पहिली होळी होती. आजोळहून साखरेचा हार जायचा होता. आई साच्यांत दोरा घालत होती. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात हे मी पाहिलं होतं, म्हणून हाराच्या उकळत्या पाकात गुपचूप अर्धं पिळलं. एक तास झाला, दोन झाले, हार घट्ट होईना. ऊन साच्यांवरून सरकत गेलं आणि पाक मधासारखा नुसता चमकत राहिला. पाचची एसटी गाठायची होती.

“हाऊ हार शे का डिंक?” शेजारच्या अक्का हसल्या. मी रडत कबूल केलं. आईने पाक डब्यात भरला.

ताईच्या सासरी आईने तोच बोटाने बाळाला चाटवला. बाळ बोट सोडेना.

“आई, अर्धं जास्त नाही ना झालं?” मुलीने विचारलं.

“नाही गं,” मी म्हणाले, “या खेपेला बरोबर आहे.”