दिल्लीनं न काढलेलं नाणं

सरकारला नाणी सुचवण्याचा छंद कोणाला असतो का? कोथरूडच्या श्याम देशकरांना होता. शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि इतर लोक टेकडीवर जातात तसे हे पोस्टात जाऊ लागले. पोळपाट-लाटण्याचं नाणं, सायकलचं नाणं, शाळेच्या घंटेचं नाणं. चित्रं सगळी सुबक, आणि सगळी दिल्लीत गडप.

"सोसायटीचा सेक्रेटरी तुमचं ऐकत नाही, दिल्ली काय ऐकणार?" पद्मजाबाई नवऱ्याला म्हणायच्या, आणि पाकिटाला तिकीटही चिकटवून द्यायच्या.

एका नाण्यात मात्र श्यामरावांचा जीव अडकला होता. ते मुक्ताकाकूंचं. वाशिमहून शिकायला आलेल्या श्यामला नारायण पेठेतल्या ज्या खानावळीनं पोसलं, ती या काकूंची. सणाच्या दिवशी ही बाई नथ घालून वाढायला उभी राहायची, घरापासून लांब पडलेल्या पोरांना सण वाटावा म्हणून. अशा बाईचं नाणं निघू नये? आता काकूंनी ऐंशी ओलांडली होती, सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. त्या दिवशी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवायचं, एवढीच श्यामरावांची इच्छा.

समारंभ तोंडावर आला आणि उत्तरही आलं. प्रस्ताव विचारात घेता येत नाही. श्यामराव त्या दिवशी जेवले नाहीत. हे काही पद्मजाबाईंना चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी सुताराकडून सागाचा एक गोल ठोकळा आणून पुढ्यात ठेवला.

"कोरा यात. पेढ्यांवर छापू. पेढ्याला दिल्लीची परवानगी लागत नाही."

श्यामरावांनी तेच चित्र जीव ओतून कोरलं. समोरून चेहरा, ओठांवर हसू, नाकात नथ. समारंभाच्या सकाळी पद्मजाबाईंनी खवा भाजला आणि साच्यावर पेढे दाबून ताट भरलं.

काकूंचं औक्षण झालं. श्यामराव पुढे झाले. त्यांनी एक पेढा काकूंच्या तळहातावर ठेवला.

"काकू, हे तुमचं नाणं."

काकूंनी चष्मा पुसला, पेढा डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळला.

"श्याम, नथ उजव्या नाकपुडीत कधीपासून घालायला लागले रे?"

साचा उलटा कोरावा लागतो, हे जन्मभर चित्रकला शिकवलेल्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं! सगळा हॉल खो खो हसला. पद्मजाबाई खाली बघून हसत होत्या. त्यांच्या ते सकाळीच लक्षात आलं होतं. श्यामरावांचा चेहरा मात्र उतरला.

"दिल्लीनं नाही काढलं ते बरं झालं," काकू म्हणाल्या. "देशभर अशीच फिरले असते मी."

मग त्यांनी पेढा मधोमध मोडला. अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि नथीकडचा अर्धा श्यामरावांपुढे धरला.

"आ कर. सकाळपासून काही खाल्लं नसशील."

खाल्लं नव्हतंच.