पापाची तिकटी, बाजू पहिली

वसंता गेल्याची बातमी मला वसंतानंच कळवली. असं लिहिल्यावर छापखान्यातली शाई हुंगून हुंगून या माणसाचं डोकं फिरलं असं कुणाला वाटेल, पण घडलं ते तसंच. आमचा चौघांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्या दिवशी सकाळी त्यावर नेहमीसारखं भांडण पेटलं होतं, गंगावेशीचं रेकॉर्डिंग थोर की बिंदू चौकातलं. वसंतानं लिहिलं, 'तुमाला कळतंय डोंबल. गंगावेस नीट कान दिऊन ऐका, मग बोला.' मी चिडून उत्तर लिहायला घेतलं, चांगलं चार ओळींचं, टोचणारं. तेवढ्यात त्याच्याच नावाखाली, त्याच्या टोपीतल्या फोटोशेजारी दोन शब्द उमटले. 'बाबा गेले.' त्याच्या मुलानं, सुहासनं, बापाच्याच फोनवरून कळवलं होतं. माझं उत्तर अर्धवट राहिलं... आता दीड महिना झाला, ग्रुप उघडला की ते अजून खाली दिसतं. पाठवायला माणूस नाही आणि पुसायला माझा हात होत नाही.

आमचं हे वेड परगावच्या माणसाला समजावणं अवघड आहे. बेंजो म्हणजे टाईपरायटरसारखी बटणं दाबत तारा छेडायचं वाद्य. मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेंजोवाला बसायचा, भोवती ढोलकी, ताशा, झांज आणि डोक्यावर कर्णा. आमच्या पेठेतली पार्टी चाळीसेक वर्षं वाजवते आहे. वाजवणारे बदलले, काही वर गेले, पार्टी तीच. तिची खोड अशी की गाणं सिनेमातलं धरायची, पण ते पुढं कुठं जाईल हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. मिरजकर तिकटीच्या तिठ्यावर धरलेली चाल मध्येच आरतीत शिरायची, लेझमीच्या ठेक्यावर चढायची, एकदम मऊ होऊन जवळजवळ थांबायची आणि पुन्हा उसळायची. अर्धा अर्धा तास एकच गाणं. याला आम्ही 'लांबड' म्हणतो. पब्लिक नाचायला यायचं, आम्ही चौघे ऐकायला. निपाणीकडून येऊन इथं गुळाच्या व्यापारात स्थिरावलेले शिवलिंग अण्णा, रिक्षा चालवणारा दिलावर, लग्नपत्रिका छापणारा मी आणि कसबा बावड्याला साखर कारखान्यात काट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन करणारा वसंता.

रेकॉर्डिंगं सगळी वसंताची. खांद्याला टेप अडकवून, माईक बांबूच्या काठीला बांधून तो ट्रॉलीबरोबर चालायचा. आमच्या तोंडी त्या कॅसेटींची नावंही तशीच पडली होती. पावसातली गंगावेस. तार तुटलेला बिंदू चौक. ट्रॅक्टर बंद पडलेला महाद्वार रोड. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही बावड्याला त्याच्या घरी जमायचो, पोहे खायचो आणि त्यातली एखादी लावून तीवर तासभर भांडायचो. वसंता रेकॉर्डिंगच्या बाबतीत भयंकर होता. माईकजवळ कुणी शिंकलं तरी त्याचं तोंड फुगायचं. महाद्वार रोडच्या त्या लांबडीत दिलावरनं न राहवून एक शिट्टी मारली, तर पुढं कितीतरी वर्षं ती कॅसेट लागली की शिट्टीच्या जागी वसंता टेप थांबवायचा, दिलावरकडं बघायचा आणि मग पुन्हा चालू करायचा. चूक विसरणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, असं मी परवापर्यंत समजत होतो.

सगळ्यांत थोर रेकॉर्डिंग कोणतं यावर मात्र आमच्यात वाद नव्हता. ते पापाच्या तिकटीचं, त्या नावाच्या तिठ्यावरचं. माझा थोरला भाऊ सदादादा या पार्टीत बेंजो वाजवायचा. दिवसा उद्यमनगरात लेथवर काम, संध्याकाळी बेंजो. बोटं कायम काळपट. एका वर्षी गणपती विसर्जनाच्या दुपारी पापाच्या तिकटीला पुढच्या मंडळांमुळं मिरवणूक अडकली आणि दादानं एक लांबड धरली. नाचणारे हळूहळू उभे राहिले. ताशेवाल्यानं काठ्या काखेत धरल्या. दादाचे डोळे पिवळे दिसत होते, पण गुलालात कुणाच्या लक्षात येणार? महिन्याभरात कावीळ त्याला घेऊन गेली. स्मशानात मी लाकडांकडं बघत उभा होतो तेव्हा वसंता मागून आला, माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाला, "बंडा, टेपात हाय त्यो. पापाची तिकटी समदी हाय माझ्याकडं." त्या एका वाक्यावर मी घरापर्यंत चालत आलो.

पण ती कॅसेट त्यानं कधी लावली नाही. पहिल्या वर्षी म्हणाला, आत्ता नगं, रडशील. मग म्हणाला, फीत ढिली झाल्या, एकदाच वाजंल, तसा दिवस येऊ दे. माझ्या मुलीच्या लग्नात मागितली, दिली नाही. आमची आई शेवटच्या दुखण्यात दादाचं नाव घ्यायची, तेव्हा मी बावड्याला जाऊन त्याच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, "वसंता, म्हातारीला एकदा ऐकव. तुझ्या पाया पडतो." तो खाली मान घालून म्हणाला, "जमायचं न्हाय, बंडा." मी त्याला नको ते बोललो. माझ्या भावाला डब्यात कोंडून ठेवलंयस म्हणालो, त्याच्या बायकोसमोर. त्यानंतर दोन वर्षं मी त्याचं तोंड बघितलं नाही. शेवटी अण्णांनी मला हाताला धरून रविवारच्या पोह्यांना नेलं. वसंतानं काही झालंच नाही अशा थाटात पाट सरकवला आणि सरळ पापाची तिकटी सांगायला लागला. सांगायला म्हणजे तोंडानं वाजवायला... डाव्या हाताची बोटं मांडीवर, उजव्यानं हवेत तारा छेडत. टेप लावायचा नाही, पण वाजवून दाखवायचा सगळं.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोचा, मालन वहिनींचा फोन आला. "भावजी, ते डबं बघा की येऊन. सुहासला त्यातलं काय कळत न्हाय." दुपारी गेलो. पत्र्याचे बिस्किटांचे डबे, त्यात ओळीनं कॅसेटी, प्रत्येकीवर काट्यावरच्या पावतीत लिहायचा तसं ठसठशीत अक्षर. सगळ्यांत खालच्या डब्यात एकच होती. 'पापाची तिकटी. सदादादा. हात लावू नये.' वहिनी म्हणाल्या, "हीच ती. दर अनंत चतुर्दशीला दुपारचं जेवण झालं की दार लावून ही लावून बसायचे." मी मनाशी म्हटलं, म्हणजे फीत काही ढिली नव्हती, लबाडा, एकटाच ऐकत होतास. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कोपऱ्यातला टेप मीच पुढं ओढला. मी कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

काहीच नव्हतं. नुसती सर्र... अशी बारीक आवाजाची रेघ. वाटलं, सुरुवातीची फीत असेल. आवाज वाढवला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पुढं पळवून बघितली, उलटी करून बघितली. चाकं फिरत होती आणि आत कुणीही नव्हतं, दादा नाही, ताशा नाही, पब्लिक नाही. पुसलेल्या फितीवरही कधी कुठं तुकडा राहतो, तो पण नाही. कोरी. कधीच न भरलेली. "बिघडली का हो?" वहिनींनी विचारलं. त्या सर्र आवाजात मला पापाची तिकटी दिसायला लागली होती.

वसंता त्या दुपारी एका दुकानाच्या उंच ओट्यावर चढला होता, काठीला बांधलेला माईक दोन्ही हातांनी ट्रॉलीवर धरून. हात मोकळे नव्हते म्हणून टेप त्यानं माझ्या गळ्यात अडकवला होता. दादानं पहिली तार छेडली आणि वसंता वरून ओरडला, "दाब!" मी दाबलं. चाकं फिरायला लागली, मी त्याला हात करून झालं म्हणून सांगितलं. त्या जुन्या टेपांवर भरायचं असेल तर दोन बटणं एकदम दाबायला लागायची, एक लाल आणि एक शेजारचं. नुसतं शेजारचं दाबलं तरी चाकं तशीच फिरायची. माझी नजर दादाच्या बोटांवर होती. मी एका बोटानं दाबलं होतं. हे मला आज आठवतंय असं नाही. ते कायम आठवत होतं, फक्त त्याचा अर्थ लावायची वेळ आली नव्हती. त्याच संध्याकाळी वसंताला कळलं असणार. शिट्टीसाठी दिलावरला वर्षानुवर्षं टोचणाऱ्या माणसानं माझी चूक डब्याच्या तळाशी ठेवली, वर 'हात लावू नये' लिहिलं, आणि मी त्याला नको ते बोललो तेव्हा खाली मान घालून उभा राहिला... त्याच्या तिरडीला मी खांदा दिला, पण माफी मागायची राहिली. आता घरात एकटा असलो की मला ती सर्र ऐकू येते. पंखा बंद करून बघतो, नळ बघतो. पंखाही नसतो, नळही नसतो.

या महिन्याचा पहिला रविवार आला तेव्हा जावं की नाही ठरत नव्हतं. पण वहिनींनीच पोहे भिजवल्याचा निरोप पाठवला. वसंताचा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. आम्ही तिघं बसलो आणि कुणालाच कुठली कॅसेट लाव म्हणवेना. दिलावर म्हणाला, "आज पापाची तिकटीच लावू या की. आता कोण आडवणार हाय?" तेव्हा मी सांगितलं, कॅसेट कोरी आहे.

"असं कसं हुईल?" दिलावर म्हणाला. "मी सोता ऐकल्या. सुरवातीचं समदं ऐकलंय."

"यप्पा, मी तर मधलं आरतीचं ऐकलोय," अण्णा म्हणाले. "शपथ घिऊन सांगतो."

मी विचारलं, टेपातनं ऐकलंत का? दोघंही तोंड उघडणार होते, ते तसेच थांबले. एकमेकांकडं बघितलं. टेपातनं कुणीच ऐकलं नव्हतं. मग उरलेलंही मी सांगून टाकलं, बटण मी दाबलं होतं, एका बोटानं. बोलताना मला वाटलं होतं दिलावर शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"मला म्हाईत हाय की," दारातून वहिनी म्हणाल्या. हातात पोह्यांची परात होती. "विसर्जनाच्या दिवशी सांजचं आले, टेप लावला आन् कपाळाला हात लावून बसले. बंडानं नुसतं चालूचं बटण दाबलंय म्हणाले. मग म्हणाले, जाऊ दे, फुडल्या वर्साला दादाचं परत घिऊ, त्येला कशाला सांगायचं. फुडलं वर्स कुठलं यायला... मग म्हणाले, बंडा जित्ता हाय तवर ह्यातलं अक्षर काढायचं न्हाय."

"मग आज का काढलंत?" मी विचारलं.

"तुमीच काढलासा की. त्या दिशी 'बिघडली का' म्हणून मी झाकायलाच बघितलं."

मग अण्णांनीच, बहुतेक गप्प बसवेना म्हणून, तोंडानं ते आरतीचं वळण धरलं. चार सूर झाले नाहीत तोच दिलावरनं तोडलं, "असं न्हवं, आधी खाली यायचं." अण्णा म्हणाले, वर. दिलावर म्हणाला, खाली. आयुष्यभर असल्या भांडणाचा निकाल देणारा आमच्यात एकच होता, आणि तो भिंतीवर हार घालून बसला होता. दोघंही माझ्याकडं वळले. "तू सांग बंडा. तुझा भाऊ हाय." मी डोळे मिटले. दादा दिसला, ट्रॉली दिसली, गुलाल दिसला. पण दादाचा बेंजो काही केल्या वाजेना. जे काही कानात येत होतं ते वसंताच्या तोंडाचं होतं, त्याच्या त्या जरा घोगऱ्या 'टिंग टिडिंग'चं, आणि तेही तुटक तुटक. भाऊ एकदा गेला होता. तो पुन्हा जाताना मला तिथं बसल्या बसल्या कळत होतं.

"दोघंबी चुकताय," वहिनी म्हणाल्या.

परात खाली ठेवून त्या उंबऱ्यावरच टेकल्या. या बाईनं आयुष्यभर आमच्या बेंजोला कटकट म्हटलेलं. एकदाही मिरवणुकीला आल्या नाहीत. "टेप काय मला ऐकू यायचा न्हाय," त्या म्हणाल्या, "हे यायचे. दाराआड बसून टेपाबरुबर तोंडानं वाजवायचे, दर वर्साला, एक सूर इकडचा तिकडं न्हाय. भांडी घासता घासता ऐकून ऐकून पाठ झालंय." आणि पदर तोंडाशी धरून, लाजत, त्यांनी पहिल्या तारेपासून धरलं. दादाची लांबड. खाली यायचं तिथं खाली आली, वर जायचं तिथं वर गेली, आरतीत शिरली, मऊ झाली, जवळजवळ थांबली आणि उसळली. दिलावर मान खाली घालून मांडीवर ठेका धरत होता. अण्णा उघड उघड रडत होते. मीही रडत होतो. चाल चढत चढत गेली, आता दादा तिला परत घरी आणणार असं वाटलं, आणि वहिनी एकदम गप्प झाल्या.

"फुडं?" मी विचारलं.

"फुडं न्हाय," त्या म्हणाल्या. "तिथं बाजू संपायची. बटण खाडकन वर यायचं. मग ते दार उघडायचे आन् च्या मागायचे."