परवानगीवाले दाजी

सरकारी नियम अक्षरशः पाळणारा अख्ख्या औरंगाबादेत एकच माणूस होता, आणि माझ्या बहिणीच्या नशिबी नेमका तोच आला. आमचे दाजी! कचेरीत कारकून, पण घराणं घड्याळजींचं. गुलमंडीवर वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते थोरले भाऊ चालवत. हात दाजींचा जास्त चांगला. पण सरकारी नोकराला दुसरा धंदा मना. त्याच कचेरीत एकाची पिठाची गिरणी बायकोच्या नावावर, दुसऱ्याची रिक्षा मेव्हण्याच्या नावावर. दाजी मात्र उस्मानपुऱ्यातल्या घरी शेजाऱ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त करत, आणि वर त्यांचा चहासुद्धा घेत नसत. "चहा प्यालो की मोबदला झाला," म्हणत. एका म्हातारीनं मेथीची जुडी आणली, तर तिला तेवढीच कोथिंबीर देऊन वाटेला लावलं. ताई कपाळाला हात लावायची.

मग थोरले भाऊ अचानक गेले. वहिनींच्या पदरी दोन पोरी आणि ते दुकान. रविवारी तिथं बसू द्यावं म्हणून दाजींनी रीतसर अर्ज केला. साहेब म्हणाले, "अहो, गुपचूप बसायचं होतं! आता कागद आला, मला नाही म्हणणं भाग आहे." त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. मी चिडून बोललो, "दाजी, नियमानं पोरींचं पोट भरतंय का?"

"नाय भरत," एवढंच म्हणाले.

पण शिकवायला मनाई नव्हती. वहिनी रोज संध्याकाळी ताईकडं येऊ लागल्या. डोळ्याला भिंग लावून त्या बसायच्या, समोर दाजी. "वहिनी, श्वास धरा. इस्प्रिंग उडाली की गेली!" किती उडाल्या देव जाणे, ताईच्या झाडूला रोज एखादी लागायचीच. आधी गिऱ्हाइकं कचरली. बाईमाणूस काय घड्याळ खोलणार? पण हळूहळू वहिनींचा हात बसला, दुकान तगलं, पोरी शिकल्या. दाजी कचेरीला जाताना रोज दुकानावरून जायचे, पण कुणी बोट दाखवू नये म्हणून इतक्या वर्षांत पायरी चढले नाहीत.

निवृत्त झाल्यावर मात्र सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मी सोबत होतो. वहिनींनी उठून आपली जागा दिली. दाजींनी चिमटा उचलला, आणि हात थरथरायला लागला. भिंगातूनही धड दिसेना. पुन्हा उचलला. वहिनींनी हलकेच तो काढून घेतला. "भाऊजी, असू द्या. तुम्ही नुसते बसा."

दाजी गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. मला लई वाईट वाटलं हो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि त्यांनाच विचारू लागलं, "काका, तुमचा नंबर माझ्याआधी का?"

दाजी जरा सरकले. "नाय, तुम्ही व्हा पुढं. मला घाई नाय."