कुत्र्यानं चावलेला कोपरा

टाचणीकाकांना हे नाव शेजारच्या छापखान्यातल्या लोकांनी दिलं. अंगानं काटकुळे, डोकं मात्र चांगलं वाटोळं, आणि उभे राहिले की अगदी ताठ. पुढे छापखाना बंद पडला, नाव ठेवणारे पांगले, नाव तेवढं राहिलं. काकांना त्याचं वाईट वाटायचं नाही. दुकानाची पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा त्यांनीच रंगाऱ्याला सांगितलं, "टाचणी बुकबाइंडिंग असंच लिही. माझं खरं नाव वाचून कोणी आत यायचं नाही."

दुकान म्हणजे आमच्या गल्लीतली एक लांबट खोली. दाराशी कागद कापायचं यंत्र, मध्ये पुस्तकं दाबून सुकवायचा लोखंडी शिकंजा आणि अगदी मागे, खिडकीच्या उजेडात, काकूंची खुर्ची. शिलाई काकूंची, पुठ्ठा आणि चामडं काकांचं. धंदा मूळचा काकूंच्या वडिलांचा. काका त्यांच्याकडे कामाला लागले, हात बसला, आणि सासऱ्यांनी मुलगी दिली व दुकानही दिलं. यातल्या कशावर काय फुकट मिळालं, यावर नवराबायकोचं म्हातारपणापर्यंत एकमत झालं नव्हतं.

सासऱ्यांची शिकवण एकच होती. पुस्तक दुकानातून बाहेर पडलं की त्याला कधी काही झालं होतं, हे कोणाला कळता कामा नये. काकांनी ती जन्मभर पाळली. वाचनालयाची पिंजलेली पुस्तकं, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, कोणाच्या आईची स्वयंपाकाची वही, सगळं त्यांच्या हातून कोरं करकरीत होऊन जायचं. जुने पुठ्ठे निघाले की सरळ रद्दीच्या पोत्यात.

एके सकाळी बसवर कंडक्टर असलेली एक बाई ड्यूटीला जाता जाता दुकानात शिरली. अंगावर खाकी, खांद्याला पिशवी आणि छातीशी धरलेला उशीचा अभ्रा. अभ्र्यातून तिनं एक भलंमोठं पुस्तक काढलं. पक्ष्यांचं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी छापलेलं, हातानं रंगवल्यासारखी चित्रं, आणि प्रत्येक चित्रावर पातळ झिरझिरीत कागद. तिच्या आजोबांनी कुठल्याशा लिलावातून आणलेलं. आतली पानं बरी होती, पण वरून दशा झालेली. पुढचा पुठ्ठा सुटून हातात आला होता, कण्यावरचं चामडं सालीसारखं लोंबत होतं, मागचा पुठ्ठा ओल लागून फुगला होता. पुढच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा तर कोणीतरी चघळून टाकला होता.

"पलंगावरून पडलं, काका. बाबांच्या वाढदिवसाला द्यायचंय. अगदी नवं कोरं करून द्या."

"बाबा पक्षी बघतात वाटतं?"

"बघायचे. आता दिसत नाही त्यांना, बरीच वर्षं झाली. पण दुपारी जेवण झालं की हे मांडीवर घेऊन बसतात. पानं उलटतात आणि कुठल्या पानावर कोण बसलंय ते सांगतात."

खिडकीशी काकूंची सुई थांबली. "त्यांना विचारून आणलंस ना, बाई?"

"दुरुस्तीला टाकलंय एवढंच सांगितलंय, काकू. बाकी सरप्राइज."

काकांचे डोळे चमकले होते. असं काम हाताखाली येऊन जमाना झाला होता. काकूंनी जुना दोरा काढला, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद आणि पातळ खळ लावून डागडुजी केली, आणि पानं एकेका जुडीनं पुन्हा शिवली. काकांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून लालबुंद चामड्याचा तुकडा काढला. तो त्यांनी कधीपासून जपून ठेवला होता, कोणासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नवे पुठ्ठे, त्यांवर ते चामडं, कडेनं सोनेरी रेघ. पुस्तक तयार झालं तेव्हा आम्ही गल्लीतले सगळे जाऊन बघून आलो. काका ते उजेडात धरून इकडून तिकडून न्याहाळत होते.

"लग्नात मलासुद्धा एवढं निरखून पाहिलं नव्हतं ह्यांनी," काकू म्हणाल्या.

"तुझ्याभोवती तुझे चार भाऊ उभे होते," काका म्हणाले.

कंडक्टरबाई आली, पुस्तक पाहून हरखली. काकांना वाकून नमस्कार करून गेली. आणि वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, तोच उशीचा अभ्रा घेऊन, परत दारात उभी.

"रागावू नका हं, काका."

काकूंनी तिला बसायला स्टूल दिलं. तिनं जे घडलं ते सांगितलं. बाबांनी पुस्तक मांडीवर घेतलं. वरून हात फिरवला, म्हणाले, छान आहे, कोणाचं आहे? ती म्हणाली, तुमचंच. मग त्यांनी एकेक करून चारही कोपरे चाचपले. पानं उलटली. मग पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.

"म्हणाले, आतलं माझंच आहे गं, पण वरून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. चिडले असते ना, तर मला बरं वाटलं असतं. उलट मलाच समजावत बसले."

"कोपऱ्यात काय होतं?" काकूंनी विचारलं.

"गुंड्याचे दात." ती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "आमचा कुत्रा. मी लहान असताना त्यानं चावलं होतं ते. आई झारा घेऊन त्याच्यामागे घरभर धावली होती. बाबा ऑफिसातून आले तर आई हसून हसून जमिनीवर बसलेली, कुत्रा पलंगाखाली. आई जाऊन खूप वर्षं झाली आता. बाबा बसतात तेव्हा त्यांचं बोट त्या खळग्यात असतं. मी रोज बघते, काका, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही."

काकांना लागलं होतं. त्या चामड्याच्या तोडीचं चामडं आता बाजारात मिळत नाही, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. पण ते गिळून त्यांनी नुसती टोपी काढून ठेवली.

"जुने पुठ्ठे कुठे आहेत?" काकूंनी विचारलं.

काकांनी रिकाम्या पोत्याकडे पाहिलं.

काकूंनी चपला घातल्या. काकाही निघाले. कंडक्टरबाईला ड्यूटी होती, तिला त्यांनी पाठवून दिलं. दोघं गल्लीच्या टोकाला रद्दीवाल्याच्या गोदामात गेले, तर तो हसायलाच लागला.

"काका, जन्मभर टाकत आलात, आज न्यायला आलात?"

"थट्टा मागाहून कर, आधी पोती दाखव," काकू म्हणाल्या.

काकूंनी पदर खोचला आणि दोघं त्या ढिगाऱ्यात उतरले. वर्तमानपत्रं, खोकी, शाळेची पुस्तकं. काकांना धुळीनं शिंका सुरू झाल्या. पोत्यामागून पोती उलटी झाली, पुठ्ठे भरपूर निघाले, पण हवे ते नाहीत. काका हात झटकून म्हणाले, चल, गेलं ते. काकू पाणी प्यायला म्हणून कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेल्या आणि तिथंच थबकल्या. पिंपावर झाकण म्हणून एक पुठ्ठा ठेवलेला, त्यावर वीट.

"अहो, इकडे या."

तोच होता. चामडं ओलसर झालेलं, विटेचा लाल वण उठलेला, पण कोपरा जसाच्या तसा, दातांच्या खुणांसकट. मागचा पुठ्ठा मात्र काही केल्या सापडला नाही.

दुकानात आल्यावर काकांनी पातळ सुरी काढली आणि स्वतःच बांधलेल्या लाल चामड्याला घातली. काकू तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. जुना पुठ्ठा सुकवला, पुसला, कण्याला नवीन चामड्याची पट्टी देऊन तिची कड जुन्या चामड्याखाली सरकवली. मग सवयीनं काकांचं बोट खळीच्या वाटीत बुडालं आणि तो चावलेला कोपरा भरायला निघालं.

"हात मागे," काकू म्हणाल्या.

काका स्वतःशीच हसले. आणखी झिजू नये म्हणून त्यांनी दातांच्या खुणांवरून खळीचा पातळसा हात फिरवला, बस्स. मागचा पुठ्ठा लालच राहिला. पुढून आजोबा आणि मागून नातू, असं ते पुस्तक दिसायला लागलं.

पोचवायला दोघं स्वतः गेले. बस डेपोमागच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या. म्हातारे गृहस्थ खिडकीशी बसले होते, दाढी नुकतीच केलेली, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मुलीनं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा हात वरून खाली सरकत आला, कोपऱ्यापाशी थांबला, आणि बोट खळग्यात जाऊन बसलं.

"नालायक," ते हळूच म्हणाले. ते कुत्र्याला होतं, हे कळायला काकांना जरा वेळ लागला.

मग पुस्तक उलटं करून त्यांनी मागची बाजू चाचपली.

"ती मिळाली नाही," काका म्हणाले. "ती माझ्या हातची आहे. चूक माझी, विचारायला हवं होतं."

"असू द्या हो. एक बाजू तुमचीही राहू दे." त्यांनी पान उघडलं, बोटांनी कड चाचपली. "हां, हा खंड्या. निळ्या पाठीचा, आणि पोट असं गुलाबी, पहाटेच्या आभाळासारखं."

काका पुढे वाकले. चित्रातल्या खंड्याचं पोट चांगलं विटकरी होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि काकूंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"अगदी बरोबर," काका म्हणाले. "गुलाबीच आहे."

त्यानंतर दुकानात कोणी पुस्तक आणलं की काका आधी विचारायचे, "यातलं काय तसंच ठेवायचं?" बरीच माणसं गोंधळून बघत. म्हातारा कामचुकार झाला, असंही कोणी कोणी म्हणालं. पण एक बाई स्वयंपाकाच्या वहीवरचा तेलाचा डाग जपायला सांगून गेली, आणि एका शिक्षकांनी आपल्या मुलानं ओढलेल्या रेघोट्यांचं पान पहिलं लावायला सांगितलं. काका खळ ढवळत सगळ्यांचं ऐकून घ्यायचे.

दुकान बंद असे त्या दिवशी दुपारी ते डेपोमागे जाऊ लागले. म्हातारे गृहस्थ पानं उलटायचे, काका शेजारी बसून ऐकायचे. दिवसेंदिवस पक्ष्यांचे रंग बदलत चालले होते. संध्याकाळी घरी आले की काकूंना सगळं सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

"आज बगळा हिरवा झाला."

काकू सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "शोभला का पण?"

"छानच शोभला," काका म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.