एक मोबाईल म्हणजे तीन मिनिटं

या ब्लॉगवर मी आजवर लांबलांबच्या जागांबद्दल लिहिलं. ही सहल माझ्या नव्या पनवेलच्या घरापासून पाऊण तासाची. सुकापूरवरून नेरे, नेऱ्याहून मालडुंगे, आणि धोदाणीच्या अलीकडे उजवीकडे उतरणारा कच्चा रस्ता. समोर माथेरानचा डोंगर. पनवेल स्टँडवरून एसटी आहे, पण तिच्या वेळा स्टँडवर विचारूनच निघा, आणि पावसाळ्यात परतीची गाडी मिळेलच असं धरून चालू नका.

मी गेले ते दीनासाठी. न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आम्ही दोघी बावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. दीना आणि तिचा नवरा सॅम्युएल बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. मुलगा-मुलगी दोघंही इस्रायलला स्थायिक झाली. हे दोघं गेले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी एक एकर जागा घेऊन कौलारू घर बांधलं. नंतर दीनाची फुप्फुसं आक्रसायला लागली. आता तिला चोवीस तास ऑक्सिजन लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं एक मशीन तिच्या पलंगाशी असतं, आणि ते विजेवर चालतं.

तिकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पनवेलला फ्लॅट घ्या. दीना म्हणाली, मला खिडकीतून डोंगर हवा. मग सॅमभाऊजींनी घरच तयार करायचं ठरवलं.

मंगळवार

बॅटऱ्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून मे महिन्यातलं काम ऑगस्टपर्यंत लांबलं. अस्लमभाई वायरमनच्या टेम्पोत पुढे बसून मी निघाले. मागे चार मोठ्या बॅटऱ्या, वायरीचं बंडल, दोन पोती तांदूळ आणि मीठ. नेऱ्याला चहा-वडापाव घेतला. पुढे हॉटेल भरवशाचं नाही, इथेच खाऊन घ्या. मालडुंग्यानंतर खड्डे असे, की अस्लमभाई प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बॅटऱ्यांकडे बघत होते.

"मॅडम, वहिनींची तबियत खरंच एवढी नाजूक आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. मशीन बंद पडलं तर दहा मिनिटांत ओठ निळे पडतात."

मग ते अजूनच हळू चालवायला लागले.

दीना पलंगावर बसूनच भेटली. नाकाशी नळी, शेजारी मशीनची घरघर. मी तिला चार महिन्यांनी बघत होते. हात धरला तर मनगटावरची घड्याळाची पट्टी सैल होऊन कोपराकडे सरकली.

"ये, शुभा," ती म्हणाली. "आता इथे... पाहुण्यांना कामाला लावतात."

बुधवार

स्वतःचं घर असं तयार करायचं ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. छपरावर दक्षिणेकडे तोंड करून सौर पॅनल. खाली इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या, आणि त्या झोपायच्या खोलीत अजिबात नकोत, हवा खेळेल अशा पडवीत हव्यात. अस्लमभाईंनी घराची वायरिंग दोन भागांत तोडली. एका भागात पंखे, फ्रिज, पंप. दुसऱ्या भागात फक्त दीनाचं मशीन आणि एक दिवा. वीज गेली की पहिला भाग आपोआप मरतो. विहिरीवर हातपंप बसवला होता. चुलीसाठी लाकडं पावसाआधीच रचलेली. परसात भेंडी, पडवळ, अळू. ऑक्सिजनचा एक मोठा सिलिंडर कोपऱ्यात साखळीने बांधलेला. दुसरा पनवेलला भरायला गेला होता. ऑक्सिजनच्या खोलीत काडी पेटवायची नाही, उदबत्तीसुद्धा नाही. हे दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

दुपारी मंगळी आली. ती पलीकडच्या कातकरी वाडीतली. दोन वर्षं दीनाला अंघोळ घालायला आणि केस विंचरायला येते. वाडीवरचा विजेचा खांब जूनमध्येच आडवा झाला होता, तेव्हापासून वाडी अंधारात. ती आली की आधी कमरेचा छोटा बटणांचा फोन काढून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायची. तिचा नवरा रामा उलव्याला इमारतींच्या कामावर होता आणि तिथेच राहायचा. रोज संध्याकाळी तो फोन करायचा. रेंज मिळावी म्हणून ती बांधावर जाऊन उभी राहायची.

"काय बोलतो गं एवढं?" दीनाने तिला विचारलं.

"काय नाय वो बाई. जेवलीस का, इचारतो. आनि मंग मी इचारते."

काम संपल्यावर अस्लमभाईंनी मेन स्विच खाली ओढला. मशीनची घरघर एका क्षणासाठीही थांबली नाही. सॅमभाऊजींनी चष्मा काढून पुसला. ते आयुष्यभर कारखान्यात हिशोबनीस होते, लगेच वही घेऊन बसले. पूर्ण भरलेल्या बॅटऱ्यांवर मशीन सव्वीस-अठ्ठावीस तास. ढगाळ दिवस असेल तर पॅनल किती देईल सांगता येत नाही. त्या वहीत त्यांनी एक ओळ लिहून मला दाखवली: एक मोबाईल चार्ज करणं म्हणजे दीनाची तीन मिनिटं.

"वीज असेल तेव्हा सगळ्या वाडीने लावावेत," ते म्हणाले. "नसेल तेव्हा मशीन सोडून काही नाही. शुभाताई, कुणी आलं तरी नाही. मी नसलो तर तुम्ही सांगायचं."

मी हो म्हटलं.

गुरुवार

दुपारी चारच्या सुमाराला डोंगरावरून वारा आला. पावसापेक्षा वाऱ्याचाच जोर. कौलं खडखडली, आणि रस्त्याकडून काहीतरी मोठं मोडल्याचा आवाज आला. वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, मशीन चालू राहिलं. अस्लमभाई सकाळीच परतले होते. सॅमभाऊजी छत्री घेऊन फाट्यापर्यंत जाऊन आले. ऐनाचं झाड तारांसकट रस्त्यावर पडलं होतं, दोन खांब वाकले होते.

"लाईनमनला फोन लागला," ते म्हणाले. "शनिवारच्या आधी नाही म्हणतो."

म्हणजे जवळजवळ दोन दिवस. सव्वीस तासांच्या बॅटऱ्या, अर्ध्या दिवसाचा एक सिलिंडर, आणि बंद रस्ता. आम्ही तिघांनीही मनात हीच बेरीज केली. माझा फोन निकडीसाठी ठेवायचा ठरलं, बाकीचे बंद केले. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि करटुल्यांची भाजी केली. दीनाने दोन घास खाल्ले. मशीनवर नजर ठेवत सॅमभाऊजी खुर्चीतच बसून राहिले.

शुक्रवार

सकाळी नऊला इन्व्हर्टरवर अडतीस टक्के दिसत होते. आभाळ शाईसारखं. सॅमभाऊजी अखेर पडवीतल्या बाकावर झोपले होते, दीनालाही डोळा लागला होता. मंगळी कुंपणाशी आली, भिजलेली, हातात फोन.

"ताई, जरा चारजिंगला लावा. कालधरनं बंद पडलाय. ह्यांचा फोन आला आसंल."

"मंगळी, वीज नाहीये गं. सगळं बाईंच्या मशीनला ठेवलंय."

"थोडाच लावा. येक फोन लागंल येवढाच."

मी माझा फोन पुढे केला. "यावरून कर त्याला."

ती माझ्या फोनाकडे बघत राहिली. "नंबर ह्याच्यात हाय. पाठ नाय माला."

मला सॅमभाऊजींना उठवता आलं असतं. ते रात्रभर जागून आत्ता कुठे पडले होते, उठवलं नाही. आतून मशीनचा आवाज येत होता, आणि माझ्या डोक्यात त्या वहीतली ओळ होती.

"उद्या लाईट आली की लगेच ये," मी म्हटलं. "आज नको."

ती वाद घालणारी नाही. "बरं," म्हणाली. "बाईंच्या अंघोळीला थांबू का?"

"झोपल्यात त्या. राहू दे आज."

ती गेली. मला हलकं वाटलं, हे खरं सांगते. दिलेलं काम मी नीट केलं होतं.

दुपारी एकदम ऊन पडलं. आकडा चढायला लागला. पन्नास, साठ, चारपर्यंत ऐंशीच्या जवळ. सॅमभाऊजी लहान मुलासारखे दर पाच मिनिटांनी येऊन आकडा सांगत होते. तेव्हा मला मंगळी आठवली. वाडी चालत वीस मिनिटांवर. पण वाटेवर गुडघाभर चिखल होता. म्हटलं, एवढं काय, उद्या तर येणारच आहे.

दीना उठल्यावर मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली.

"मला उठवायचं होतंस," ती म्हणाली.

"तुझ्यासाठीच नाही म्हटलं."

"माहीत आहे. म्हणूनच... मला विचारायचं होतंस."

संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा दिवा. तो दीना गेली कित्येक वर्षं स्वतः लावायची. आता तिच्या खोलीत ज्योत चालत नाही, म्हणून सॅमभाऊजींनी तो स्वयंपाकघरात, दूरच्या भिंतीशी लावला. आम्ही मधलं दार उघडं ठेवलं. ती पलंगावरून त्या दिव्याकडे बघत होती, ओठ हलत होते. मी आणि सॅमभाऊजी नारळाच्या दुधातलं कालवण आणि भात जेवलो.

शनिवार

सकाळी आठला वाडीतला एक माणूस सायकल ढकलत फाट्याकडे जाताना दिसला. सॅमभाऊजींनी हाक मारली. त्याच्याकडून कळलं ते असं. रामा गुरुवारी संध्याकाळी उलव्याला परांचीवरून पडला. मुकादमाने त्याला पनवेलच्या दवाखान्यात नेलं. शुक्रवारी दिवसभर तो शुद्धीवर होता. संध्याकाळी गेला. आज पहाटे मुकादमाचा माणूस मोटरसायकलने झाडापर्यंत आला आणि तिथून चालत वाडीत पोचला. मंगळी त्याच्याबरोबरच गेली होती.

सॅमभाऊजी माझ्याकडे वळले नाहीत. ते वही हातात घेऊन उभे होते. मग ती त्यांनी खिडकीत ठेवली.

दुपारी बाराला वीज आली. पंखा फिरायला लागला. इन्व्हर्टरवर एक्केचाळीस टक्के होते. सिलिंडर उघडलेलाच नव्हता. आणि मंगळीचा फोन तर साधा बटणांचा, त्याला दीनाचं एक मिनिटही लागलं नसतं.

झाड तोडून झालं होतं. मी फाट्यावरून सहाआसनी पकडून निघाले. नेऱ्याजवळ आल्यावर एकदम लक्षात आलं: तिचं सिमकार्ड काढून माझ्या फोनात घालता आलं असतं. रामाचा, निदान मुकादमाचा तरी फोन त्यावर आला असता. काल कुंपणाशी हे सुचलं नाही.

घरी न जाता मी दवाखान्यात गेले. मंगळी बाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती, अंगावर तेच कालचं लुगडं. कागद व्हायचे होते, म्हणून थांबली होती. मी शेजारी बसले. तिने कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला.

"ताई, आता लावाल का? दिराला सांगायचंय, कदी आनतो ते."

समोरच्या चहावाल्याने फोन लावून घेतला. मी तिथेच उभी राहिले. दहाएक मिनिटांनी पडदा उजळला आणि टुंग, टुंग करत मेसेज यायला लागले. येऊन गेलेल्या कॉलचे. सगळे एकाच नंबरवरून. गुरुवारी सातला. आठला. शुक्रवारी सकाळी सातला. मग साडेदहाला. बाराला. दोनला. सव्वाचारला. त्यानंतर नाही.

साडेदहा म्हणजे ती कुंपणावरून परत गेल्यानंतर दीड तासाने. झाडापलीकडून गाडी मिळाली असती तर बारापर्यंत ती इथे पोचली असती.

मी फोन घेऊन परत आले. तिला वाचता येत नाही, फक्त चिन्हं ओळखते.

"येवढं काय वाजलं?" तिने विचारलं. "कोनाचं हायत?"

"कंपनीचे आहेत," मी म्हटलं. "जाहिरातीचे."

तिने मान हलवली, दिराचा नंबर शोधला आणि कानाला लावला. मी पायरीवर बसून होते. ती शांतपणे सांगत होती: रामा गेला, सांजपर्यंत आनू, लाकडं सुकी बघून ठेवा.

घरी

आमच्या इमारतीला जनरेटर आहे. वीज गेली तर लिफ्टसुद्धा थांबत नाही. ही सहल करून आल्यावर पहिले आठ दिवस मी काहीच लिहिलं नाही. मग दीनाला फोन करून मेसेजचं सगळं सांगितलं, मी काय खोटं बोलले तेही. "तिला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तुझं काम आहे."

असं घर तयार करणारे यादी मागतील. वर दिली आहेच. तिच्यात एक भर घाला: पडवीत, कुंपणाजवळ एक वेगळा छोटा पॅनल आणि चार प्लगचा बोर्ड, शेजाऱ्यांसाठी. सॅमभाऊजींनी तो आता बसवला आहे. अस्लमभाईंनी मजुरी घेतली नाही. वाडीतले लोक फोन लावून जातात.

रामाचं दिवसकार्य झाल्यावर मंगळी पुन्हा दीनाकडे यायला लागली. फोन तिच्याकडेच आहे, अजून लावते. दीना म्हणते, ते मेसेज तिने कुणाकडून वाचून घेतले की नाही, ते कळत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही. मागच्या महिन्यात मंगळीने तिला विचारलं, ताई कदी येनार. दीनाने ते मला सांगितलं. मी म्हटलं, गणपती झाले की येते.

गणपती होऊन गेले. मी अजून गेलेले नाही.